जात्याची घरघर आणि सॉफ्टवेअरची गृहीतके

ध्वनिमुद्रणाचे कोणतेही मोठे सॉफ्टवेअर उघडून नवा प्रोजेक्ट सुरू केला, की आपण एक सूरही मुद्रित करण्याआधी काही गोष्टी ठरून गेलेल्या असतात. रीपर असो, क्युबेस असो किंवा एबलटन लाइव्ह असो, वरच्या पट्टीत मिनिटाला १२० ठोके आणि चार मात्रांचे आवर्तन लिहिलेले असते, पडद्यावर त्याच हिशेबाने उभ्या रेषांची जाळी आखलेली असते, आणि आतली वाद्ये ४४० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४४० कंपनांच्या, मापाला लावलेली असतात. ज्या संगीतासाठी ही सॉफ्टवेअरे घडली त्याला या गृहीतकांचा काहीच त्रास नाही, उलट सोयच आहे. पण मी लातूरला राहून ज्या आवाजांचे मुद्रण करतो, म्हणजे तुळजापूरच्या वाटेवरचे गोंधळी, आराधी मंडळे, भारूड म्हणणारी माणसे आणि जात्यावरची ओवी अजून ओठांवर असलेल्या म्हाताऱ्या बायका, त्यांच्यापैकी कोणाचेच गाणे या जाळीत जन्मलेले नाही. हे काम करता करता माझी अशी खात्री होत गेली, की यंत्र स्वतः कोणताही आवाज जसाच्या तसा घ्यायला तयार असते; हट्ट असतो तो त्याच्या आरंभीच्या मांडणीचा, आणि ती मांडणी मोडून आपल्या गाण्याप्रमाणे लावणे हे मुद्रण करणाऱ्याचे पहिले काम आहे.

ओवीचेच पाहावे. तिची लय खुंट्यावरच्या हाताने ठरते. नवा घास टाकला की जाते जड चालते आणि लय किंचित मंदावते. दाणे भरडले जाऊन पीठ पडू लागले की हात हलका होतो आणि ओवी पुढे सरसावते. दोघी समोरासमोर बसल्या असतील, तर एकीचा श्वास संपतो तिथे दुसरी ओळ उचलते. औसा तालुक्यातल्या एका आजींचे मुद्रण चालू असताना माझ्या तरुण सहकाऱ्याने नेहमीच्या सवयीने त्यांच्या हेडफोनमध्ये मेट्रोनोम चालू ठेवला होता. दोन ओळींतच त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “लेकरा, हे टकटक बंद कर की. जातं फिरू दे, मग येतंय गाणं.” लयीचे उगमस्थान त्यांनी एका वाक्यात दाखवून दिले होते. अशा वेळी रीपरमध्ये मी प्रोजेक्टचा कालाधार ठोक्यांवरून काढून सरळ वेळेवर नेतो, जाळी आणि आवाजाला जाळीच्या रेषेवर खेचणारे स्नॅप बंद करतो, आणि वरच्या पट्टीत मिनिटे व सेकंद दिसतील असे करतो. त्यानंतर टेम्पो कितीही बदलला तरी मुद्रित झालेला आवाज जागचा हलत नाही. पुढे कोणाला तिथे तुणतुणे किंवा पेटीची साथ भरायची असेल, तर जात्याच्या प्रत्येक फेऱ्यावर एक खूण टाकून तिच्यावरून टेम्पोचा नकाशा तयार करता येतो. जाळी गाण्यावर बसवणे आणि गाणे जाळीत बसवणे या दोन्ही गोष्टी सॉफ्टवेअरला सारख्याच सोप्या असतात. निवड आपण करायची असते.

याहूनही अवघड प्रश्न आवाज ‘स्वच्छ’ करण्याचा आहे. गळ्याचे मुद्रण केले की ८० ते १०० हर्ट्झच्या खालचा भाग हाय-पास फिल्टरने कापून टाकावा, असे बहुतेक शिकवण्यांत सांगितले जाते, आणि बंद खोलीतल्या चित्रपटगीतासाठी तो सल्ला योग्यही आहे. पण दगडावर दगड फिरताना होणारी जी घरघर आहे तिचा खर्जाचा भाग याच खालच्या पट्ट्यात असतो. त्यापुढे नॉइज रिडक्शन येते. त्याची रीत अशी, की आधी नुसत्या गोंगाटाचा एक तुकडा त्याला ऐकवायचा. ते त्याचे वेगवेगळ्या कंपनसंख्यांचे शेकडो पट्टे पाडून प्रत्येक पट्ट्यातला गोंगाट किती ते मोजते, आणि मग साऱ्या मुद्रणात ज्या ज्या क्षणी एखाद्या पट्ट्यातला आवाज त्या मर्यादेखाली जातो तिथे तो दाबून टाकते. पंख्याचा एकसुरी आवाज घालवायला ही रीत उत्तम आहे. जात्याची घरघर मात्र त्याच्या दृष्टीने पंख्यासारखीच रुंद पसरलेली आणि सतत चालणारी असते, म्हणून ते तिला गोंगाट समजते, ती काढताना गळ्याच्या कडाही कुरतडते आणि मागे पाण्यात बुडवल्यासारखा धातूचा एक किणकिणाट ठेवते. जाते हे ओवीचे वाद्य आहे. त्याला गोंगाट ठरवणाऱ्या हिशेबाला मूळ प्रतीच्या जवळ येऊ देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

वाद्य मानले की मग त्याच्यासाठी वेगळा माइक लावणे आले. मी एक माइक गाणारीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवतो आणि दुसरा जात्याजवळ, जमिनीपासून थोडा वर. दोन माइकमधले अंतर प्रत्येक माइकच्या त्याच्या उगमापासूनच्या अंतराच्या निदान तिप्पट असावे, हा जुना नियम इथे फार उपयोगी पडतो. कारण एकच आवाज दोन माइकांत पुढेमागे पोचला, की मिश्रणात काही कंपनसंख्या एकमेकींना खाऊन टाकतात आणि गळा पोकळ वाटू लागतो. स्टँडच्या पायांखाली घडी घातलेली वाकळ ठेवावी लागते, कारण दगडाचे कंप जमिनीतून थेट माइकपर्यंत चढतात.

या कामात आपण पहिले नाही, याचा मला आधार वाटतो. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रभरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, आणि त्यांच्याबरोबर काम केलेले बर्नार बेल हे संगीताचा संगणकीय अभ्यास करणारे संशोधक होते. त्यांच्यामुळे १९९० च्या दशकातच त्या संग्रहाला संगणकीय माहितीकोशाचे आणि ध्वनिमुद्रणाचे रूप मिळाले. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज आज आपल्याला ऐकता येतो तो या कामामुळे. त्या काळी लागणारी साधने एखाद्या संस्थेलाच परवडण्यासारखी होती. आज तितक्याच, किंबहुना त्याहून चांगल्या गुणवत्तेचे मुद्रण तालुक्याच्या गावी एका टेबलावर होऊ शकते, हा बदल फार मोठा आहे.

जागेचे म्हणाल, तर मराठवाड्यातले जुने धाब्याचे घर मला कित्येक भाड्याच्या स्टुडिओंपेक्षा बरे वाटते. जाड मातीच्या भिंती, माळवदाचे मातीचे छत आणि सारवलेली जमीन यांमुळे त्यात सिमेंटच्या खोलीसारखी कर्कश टणटण होत नाही. गाणाऱ्याच्या मागे दोरीवर दोनतीन वाकळा टाकल्या, की वरच्या पट्टीचे परावर्तन आणखी मऊ होते. मात्र वाकळेकडून खर्जाची अपेक्षा ठेवू नये. १०० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे साडेतीन मीटर असते, आणि कापसासारखा सच्छिद्र पदार्थ भिंतीलगत ठेवला तर तो लहरीच्या चौथ्या हिश्शाएवढी जाडी मिळाल्यावरच पुरते काम करतो. म्हणजे तो खर्ज शोषायचा तर जवळजवळ ८५ सेंटिमीटर जाडीचा थर हवा. कापूस पिकवणाऱ्या प्रदेशातही एवढी जाडी खोलीभर लावणे कोणाला परवडत नाही, म्हणून कोपऱ्यांत कापसाची भरलेली पोती उभी करणे हा मधला मार्ग मी धरला आहे.

विजेची गोष्ट टाळून पुढे जाता येणार नाही. आपली वीज ५० हर्ट्झची. अर्थिंग कच्चे असले किंवा संगणक, त्याला माइक जोडून देणारा इंटरफेस आणि स्पीकर वेगवेगळ्या ठिकाणी जमिनीला जोडले गेले, की ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर गुणगुण सुरू होते. ती नंतर फिल्टरने काढायला जावे, तर पुरुषी गळ्याचा आणि संबळाच्या मोठ्या अंगाचा सूर नेमका त्याच परिसरात असतो. त्यामुळे ती उगमापाशीच थांबवावी लागते: सारी उपकरणे एकाच बोर्डावर, अर्थिंगची तपासणी, आणि माइकसाठी बॅलन्स्ड केबल. या केबलमध्ये एकच ध्वनिसंकेत दोन तारांतून, एकीत सुलटा आणि दुसरीत उलटा होऊन, जातो, वाटेत चिकटलेली गुणगुण मात्र दोन्ही तारांत सारखीच असते, आणि टोकाला वजाबाकी झाली की गुणगुण नाहीशी होऊन संकेत उरतो. विजेच्या या त्रासावर इतकी साधी आणि इतकी सुंदर तोड दुसरी मला माहीत नाही. शेतीपंपांची वीज सुरू झाली की गावात दाब उतरतो. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर पुन्हा न होणारे गाणे त्यात हरवू शकते, म्हणून महागड्या माइकच्या आधी यूपीएस घ्यावा, असेच मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की प्रोसेसर तापतो, स्वतःचा वेग उतरवतो आणि त्याचा पंखा गाण्यात शिरतो. यूएसबीची साधी केबल पाच मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही, पण बॅलन्स्ड केबल त्याच्या कितीतरी पट लांब नेता येते. तेव्हा संगणक आणि इंटरफेस शेजारच्या खोलीत ठेवून माइकच्या तारा लांबवणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

हलगी आणि संबळ यांनी मला पातळीचा धडा दिला. हलगी वाजवण्याआधी शेकतात. कातडे ताणले जाते आणि टिपरूचा घाव इतका तीक्ष्ण उठतो, की मीटरचा काटा जागा होईपर्यंत त्याचे शिखर येऊन गेलेले असते. डिजिटल मुद्रणात शून्य डेसिबलच्या वर जागा नसते. त्यापलीकडे गेलेल्या लहरीचा माथा सपाट कापला जातो आणि कोणतेही सॉफ्टवेअर तो खऱ्या अर्थाने परत आणू शकत नाही. टेपच्या काळात पातळी शक्य तितकी वर ठेवत, कारण खाली टेपची स्वतःची सळसळ होती. ती सवय अजून शिल्लक आहे, पण कारण संपले आहे. १६ बिटांत लहरीच्या उंचीच्या ६५,५३६ पायऱ्या मिळतात, २४ बिटांत १ कोटी ६७ लाखांहून अधिक. कागदावर पाहिले तर सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर सुमारे ९६ डेसिबलवरून १४४ वर जाते. एवढी जागा हाताशी असताना हलगीचे सर्वांत जोराचे घाव उणे १२ डेसिबलच्या आसपास राहतील असे ठेवायला काहीच हरकत नाही. वाजवणाऱ्याला आधी ‘एकदा पूर्ण जोरात वाजवा’ अशी विनंती करावी आणि त्यावर आणखी थोडी मोकळीक ठेवावी, कारण गोंधळ रंगला की तो तालमीपेक्षा जोरात वाजवणारच.

साथीदार नंतर येऊन वाजवणार असेल तर विलंबाचा प्रश्न उभा राहतो. संगणक आवाज थेंबाथेंबाने न हाताळता बफरच्या तुकड्यांत हाताळतो. लहरीच्या उंचीचे सेकंदाला ४८,००० नमुने (मोजमापे) घेताना १,०२४ नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंद. आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा असे धरले तर जवळजवळ ४३. हवेत ध्वनी तेवढ्या वेळात सुमारे १५ मीटर जातो. म्हणजे संबळ वाजवणाऱ्याला स्वतःचाच संबळ पंधरा मीटरवरून ऐकू येतो, आणि त्याचा हात हमखास मागे ओढला जातो. बफर १२८ वर आणला की एका बाजूचा विलंब पावणेतीन मिलिसेकंदांवर, म्हणजे जेमतेम मीटरभराच्या अंतरावर येतो, पण प्रोसेसरवर ताण येऊन आवाज तुटू लागतो. विंडोजच्या स्वतःच्या ध्वनिव्यवस्थेला वळसा घालून सॉफ्टवेअरला थेट इंटरफेसशी बोलू देणारी असिओ ही पद्धत स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने १९९७ मध्ये आणली, आणि तिच्यामुळेच साधा डेस्कटॉप वाजवणाऱ्याच्या कामाचा झाला. तरीही माझा सल्ला डायरेक्ट मॉनिटरिंगचा आहे: इंटरफेसवरचे बटण फिरवले की वाजवणाऱ्याला स्वतःचा आवाज संगणकात न जाता परस्पर ऐकू येतो आणि हा प्रश्नच मिटतो.

आता सूर. पेटीवाला गाणाऱ्याला ‘काळी एक की काळी चार?’ असे विचारतो, पण गोंधळ्याचे तुणतुणे गळ्याला लावलेले असते, पेटीला नव्हे. त्याचा षड्ज मोजला तर तो काळी एकच्या थोडा वर, समजा ३० सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) वर निघतो. म्हणजे २७७ ऐवजी २८२ हर्ट्झच्या आसपास. अशा वेळी गळा खाली ओढण्यापेक्षा सॉफ्टवेअरमधली सारी वाद्ये ३० सेंट वर लावावीत. त्यासाठी एकच आकडा बदलावा लागतो, आणि गाणाऱ्याच्या सुराला कोणी हात लावत नाही. गंधाराचे प्रकरण याहून नाजूक आहे. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा शुद्ध गंधार षड्जापासून ३८६ सेंटवर असतो आणि समान विभागणीच्या पट्टीतला ४०० वर. हा १४ सेंटांचा फरक भजनी मंडळातल्या साध्या कानालाही बोचतो. मिडी हा वाद्यांनी आणि संगणकांनी परस्परांशी बोलण्याचा करार १९८३ मध्ये झाला. डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांच्या दूरदृष्टीमुळे प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्ये एका तारेने जोडली गेली, आणि चाळीस वर्षांनंतरही ते टिकून आहे. याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्या कराराने सुरांना ० ते १२७ असे क्रमांक दिले, आणि दोन क्रमांकांमधली मींड ही पिच बेंडच्या वेगळ्या संदेशावर सोडली. त्या संदेशात १६,३८४ पायऱ्या आहेत, तेव्हा बारकाव्याची उणीव नाही. अडचण एवढीच, की बहुतेक वाद्यांत त्याचा पल्ला मुळात दोन अर्धस्वरांचाच ठेवलेला असतो आणि तो त्या चॅनेलवरचे सगळे सूर एकदम वाकवतो. पल्ला वाढवून, एका चॅनेलवर एकच सूर ठेवून काम केले तर आलाप बराच जवळ येतो. २०१८ मध्ये मान्य झालेल्या एमपीई पद्धतीत प्रत्येक सुराला स्वतःचा चॅनेल मिळतो, आणि आपल्याकडच्या वादकांनी ती मुद्दाम शिकून घ्यावी असे मला वाटते. गळ्याचा सूर दुरुस्त करणारे ऑटो-ट्यून मात्र मी लोकगायनाला लावत नाही. तेलाच्या शोधासाठी भूकंपलहरींचे विश्लेषण करणाऱ्या अँडी हिल्डब्रँड यांनी १९९७ मध्ये ते आणले. त्यामागचे गणित विलक्षण आहे, पण ओवीतला सूर जिथून घसरत खाली येतो, ती घसरणच ते चूक म्हणून पकडते.

सॉफ्टवेअरच्या खर्चाबद्दल थोडक्यात. आपल्या भागात चोरीची सॉफ्टवेअरे पेनड्राइव्हवरून सर्रास फिरतात, आणि त्यांच्याबरोबर व्हायरस व अर्धवट चालणारे प्लगइनही (सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्राम) येतात. त्याची आता गरज उरलेली नाही. ऑडेसिटी हे मुद्रणाचे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे, रीपरचा सवलतीचा परवाना ६० डॉलरचा आहे आणि त्याआधी ६० दिवस तो पूर्ण वापरून पाहता येतो. वाचलेला पैसा केबल, स्टँड आणि यूपीएसवर घालावा. या वस्तूंसाठी नांदेड-लातूरकडची माणसे हैदराबादला कोटीच्या बाजारात जातात. तिथे वस्तू हाताळून घेता येतात, आणि केबल तर हाताळूनच घ्यावी.

शेवटी जतन. २४ बिट आणि ४८,००० नमुन्यांचे एका माइकचे मुद्रण मिनिटाला साडेआठ मेगाबाइटांहून थोडी अधिक जागा घेते. दोन माइकांचे तासभराचे काम म्हणजे एक गिगाबाइट. आजच्या हार्ड डिस्कला हे काहीच नाही, म्हणून मूळ प्रत एमपीथ्रीमध्ये ठेवण्याचे समर्थन होऊ शकत नाही. प्रोजेक्टच्या फाइलवरही विसंबू नये, कारण सॉफ्टवेअर बदलते, प्लगइन बंद पडतात आणि काही वर्षांनी ती फाइल उघडत नाही. प्रत्येक माइकचा आवाज सुरुवातीच्या शून्य बिंदूपासून अखंड वेव्ह फाइल म्हणून बाहेर काढला, की त्या फाइली कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये शेजारी शेजारी ठेवताच जुळून येतात. ब्रॉडकास्ट वेव्ह या प्रकारात फाइलच्या पोटातच मजकूर लिहिण्याची सोय आहे. मी तिथे गाव, तारीख, गाणारीचे तिला हवे तसे नाव, कोणता माइक कुठे होता आणि षड्ज किती हर्ट्झचा होता, हे लिहितो. दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत प्रती ठेवतो.

आणि परवानगी आधी घेतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ३८ प्रमाणे सादर करणाऱ्या कलावंताला त्याच्या सादरीकरणावर ५० वर्षे स्वतंत्र हक्क असतो. ओवी परंपरेची असली तरी त्या दिवशी ती ज्या गळ्यातून आली तो गळा कोणाचा तरी आहे. कागद मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहितो, घरातल्या शिकलेल्या मुलीकडून तो मोठ्याने वाचून घेतो, आणि यूट्यूबवर टाकायचे की फक्त जपून ठेवायचे हे दोन पर्याय वेगळे विचारतो. कुटुंबाची प्रत मेमरी कार्डावर देताना ती आधी त्यांच्याच मोबाइलच्या लहान स्पीकरवर वाजवून पाहतो. त्यात खालचा खर्ज ऐकू येत नाही, म्हणून तेवढ्या प्रतीपुरते जात्याच्या आवाजात सॅच्युरेशनने वरचे स्वरांश थोडे वाढवतो. ते ऐकू आले की कान न वाजलेला खर्जही भरून घेतो, आणि मोबाइलवरसुद्धा जाते फिरते आहे हे कळते.